अंबुबाईचा नवस आणि गरुडाचं खानदान

आमच्या टॉकीजमध्ये अंबुबाईला सगळे भीत. मालक आबासाहेब भीत, ऑपरेटर पंचाक्षरी भीत, आणि तिच्या दाराशेजारच्या खिडकीत बसून तिकिटं विकणारा मी तर भीत होतोच. टॉकीजचं नाव मी सांगणार नाही. मालकांचे नातू अजून सोलापुरात आहेत आणि उगाच भांडण ओढवून घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही. पण त्या गरुडाच्या सिनेमांबद्दल मात्र मी काही हातचं राखणार नाही. पहिला सोडला तर त्या सगळ्यांवर माझा राग आहे, आणि तो अंबुबाईमुळे आहे.

अंबुबाई लेडीजच्या दारावर होती. तेव्हा टॉकीजमध्ये बायकांची बसायची जागा वेगळी, त्यांचं दार वेगळं, आणि त्या दारावर बाईच लागायची. ठेंगणी, अंगानं भक्कम, कपाळ मोकळं, इरकली लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला आणि हातात तीन सेलची बॅटरी. नवरा मिलमध्ये होता, तो लवकर गेला. पदरात एक मुलगी, सिद्धम्मा. काही वर्षं विड्या वळून बाईनं दिवस काढले, मग आबासाहेबांनी तिला दारावर उभं केलं. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, म्हणून घरात कानडी. आमच्याशी मराठी बोलायची, पण राग अनावर झाला की तिच्या तोंडून एकच कानडी शब्द यायचा, "साकु!" साकु म्हणजे पुरे. तो ऐकला की रडणारं पोरसुद्धा गप्प व्हायचं, आणि पोराच्या आईचीही पुढं बोलायची छाती व्हायची नाही.

तिचा दरारा नुसत्या आवाजाचा नव्हता. नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळानंतर बायका तिला विचारायच्या, "अंबुबाई, कसा हाय?" बरा असला तर ती म्हणायची, "बगा की." वाईट असला तर म्हणायची, "भाकरी थापा जावा." विड्या वळणाऱ्या, मागावरच्या तेलुगू बायका, विजापूर वेशीकडच्या मुसलमान बाया, सगळ्या तिचं ऐकायच्या. मुंबईहून स्तुतीचे कितीही ढोल वाजोत, अंबुबाईनं भाकरीचं नाव काढलं की दोन दिवसांत लेडीज ओस पडायचं. आबासाहेब आतल्या आत चरफडायचे, पण तिला बोलायची टाप कोणाची?

'सुवर्णगरुड' लागला तो एकाहत्तर साली. रंगीत, जादूटोण्याचा, पाताळातल्या राक्षसांचा सिनेमा. मूल होत नाही म्हणून बेटावर सोडून दिलेली राणी, तिला पाठीवर घेऊन उडणारा सोन्याचा गरुड, आणि तिच्या हाकेला धावून येणारी मणिकादेवी. गरुडाच्या पंखाला बांधलेली तार पुढच्या बाकावरून स्वच्छ दिसायची. कोणाला तिचं काही वाटलं नाही, कारण गोष्टीत जीव होता. राणी रानातली फुलं आणि एक नारळ घेऊन देवीची ओटी भरते, देवी तिच्याकडे नुसतं बघते, बोलत काहीच नाही, तेव्हा सगळं लेडीज मुसमुसायचं. बाहेर खिडकीत मला ऐकू यायचं.

तिसऱ्या आठवड्यापासून बायका ओटीचं सामान घेऊनच यायला लागल्या. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. देवी पडद्यावर उभी राहिली की चपला काढून पुढं जायच्या आणि पडद्याखालच्या कट्ट्यावर ओटी ठेवायच्या. ही मणिकादेवी कुठल्या पोथीत नव्हती, कुठल्या गावात तिचं देऊळ नव्हतं. शहाण्या लोकांनी भरपूर टिंगल केली. मीही केली असती, पण माझी खिडकी अंबुबाईच्या हाताच्या टप्प्यात होती.

आणि अंबुबाई स्वतःच तिच्या पायाशी गेली होती. सिद्धम्माला होटगीला दिलेली, जावई रेल्वेत गँगमन. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नाही, आणि सासू उघडउघड दुसरी सून बघायला लागलेली. एका दुपारी देवी पडद्यावर आली तेव्हा अंबुबाईनं बॅटरी काखेत मारली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा नवस बोलली, "आई, माज्या सिद्धम्माची कूस उजव. लेकरू झालं की त्याला घिऊन यील ती. तू हितं हुबी आसतानाच तुजी वटी भरंल." विधवेनं ओटी भरायची नसते, म्हणून नवस आईचा आणि हात लेकीचे.

सिनेमा पंचवीस आठवडे चालला आणि उतरला. त्र्याहत्तर साली सिद्धम्माला मुलगी झाली. होटगीच्या सासूनं नाक मुरडलं, मुलगी झाली म्हणून. अंबुबाईनं टॉकीजभर गूळ वाटला आणि नातीचं नाव ठेवलं मणिका.

आता नवस फेडायचा होता, पण देवीच गावात नव्हती. तुळजापूरची देवी तुळजापुरात असते, तिथं कधीही जाता येतं. ही डब्यातली देवी डब्यातून परत गेलेली. "मालक, त्यो जुना पिक्चर येकडाव आणा की," असं अंबुबाई आबासाहेबांच्या मागं लागली. त्यांनी कंपनीला विचारलंही. कंपनीनं कळवलं की जुनी प्रिंट मिळणार नाही, दुसरा भाग येतोय तो बघा. येतोय तो बघा! त्या लोकांची सगळी अक्कल या तीन शब्दांत आली.

चौऱ्याहत्तरला आला 'सुवर्णगरुडाचा पुत्र'. गरुडाला पोरगा झाला होता. का झाला, कोणापासून झाला, काही पत्ता नाही. राणी सुखानं नांदत होती तिला पुन्हा पकडून पुन्हा त्याच बेटावर नेऊन टाकलं, म्हणजे पुन्हा सोडवता यावं. देवीचं काम करणारी नटी म्हणे जास्त पैसे मागत होती, म्हणून पहिल्याच दृश्यात देवीचा दगड केला. पुढं तीन तास नुसता दगडातून आवाज. अंबुबाई ओटीची पिशवी घेऊन खेळ संपेपर्यंत उभी होती. सिद्धम्मा बाळाला मांडीवर घेऊन बाकावर. दोघी तशाच बाहेर आल्या.

मी समजूत घालायला गेलो, "अंबुबाई, देवळात तरी काय असतं? दगडच की."

"त्यो आपला दगुड आसतोय, आप्पा," ती म्हणाली. "ह्यो पुठ्ठ्याचा हाय." मग दारात ताटकळलेल्या बायकांकडं वळून ओरडली, "भाकरी थापा जावा!"

नवस राहिला आणि पोरगी अशक्त निघाली. सारखा ताप, सारखं पोट. दोन वर्षांची झाली, अडीच वर्षांची झाली, तरी पाय टाकेना. होटगीच्या सासूला निमित्तच पाहिजे होतं. "तुमच्या आईनं सिनिमातल्या बाईला नवस बोलला आन बुडवला. भोगा," असं ती सिद्धम्माला उठता बसता ऐकवायची. अंबुबाई डॉक्टरकडं न्यायची, टॉनिक पाजायची, आणि रात्रंदिवस एकच घोकत बसायची की देवीचं देणं फिटल्याशिवाय पोर उभी राहायची नाही. मी एकदा म्हणालो, असं काही नसतं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा तो विषय काढला नाही.

शहात्तर साली तिसरा भाग आला. 'सुवर्णगरुडाचा नातू'. आधी बाप, मग पोरगा, आता नातू. ह्यांच्या घरी पाळणे हलायचे आणि बारशाचं जेवण आमच्या खिशातून. उसाचं कांडं एकदा चोखलं की उरतो चोथा. ह्यांनी तो चोथा वाळवून, रंगवून, चांदीच्या वर्खात गुंडाळून पुन्हा आमच्या तोंडात कोंबायचा घाट घातला होता. म्हणे पाचपट खर्च केलाय. म्हणे नऊ गरुड आहेत, खरे हत्ती आहेत, समुद्र फाटतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. पण पोस्टरवर मधोमध मणिकादेवी उभी होती, हात उंचावून. अंबुबाई त्या पोस्टरपुढं किती वेळ उभी राहिली. मग पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली.

आबासाहेबांनी या सिनेमात भलतीच रक्कम गुंतवली होती आणि बायका दुसऱ्या भागावर खवळलेल्या होत्या. मालकांना युक्ती सुचली. त्यांनी टांगा काढला, त्यावर भोंगा लावला, आणि गल्लोगल्ली ओरडायला माणूस बसवला, "या हो या! मणिकादेवी परत आली! पहिल्या खेळाला आमच्या अंबुबाईंचा नवस फिटणार, तुम्हीही आपली ओटी घेऊन या!" अंबुबाईला हे आवडलं नाही. पण ती मला म्हणाली, "वाजवू द्या. देवी येत्या न्हवं? मला तेवडंच."

आदल्या दिवशी कंपनीचा माणूस मुंबईहून डबे घेऊन आला. सफारी सूट, तोंडात पान, आणि टॉकीज म्हणजे गोठा असल्यासारखं नाकाला रुमाल. अंबुबाईनं त्याला चहा नेऊन दिला आणि विचारलं, "सायेब, देवी हाय न्हवं ह्यात? दगुड न्हाय न्हवं?"

तो हसायला लागला. "कसली देवी, बाई? आमच्या लेखकानं चहा पिता पिता काढलेलं नाव आहे ते. पण आहे, आहे. भरपूर आहे. नाचते पण."

"नाव तुमी काडलं आसंल," अंबुबाई म्हणाली. "हाका आमी मारल्या."

त्याला ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यानं पान थुंकलं आणि आबासाहेबांना विचारलं, फोटोवाला सांगितला आहे ना?

शुक्रवारी लेडीज तुडुंब भरलं. माझ्या खिडकीसमोर मुंगीला शिरायला वाट नव्हती. सिद्धम्मा होटगीहून आली होती, हिरवी साडी, हातात पिशवी, कडेवर मणिका. पोरीचं अंग गरम होतं आणि मान आईच्या खांद्यावर पडलेली. खेळ सुरू झाल्यावर मी खिडकी ओढून घेतली आणि लेडीजच्या दारात जाऊन उभा राहिलो. अंबुबाई शेजारीच होती. पुढं पडद्याच्या कट्ट्याजवळ आबासाहेब, फोटोवाला आणि तो सफारीवाला.

गरुडांनी तास खाल्ला. नऊ गरुड, नऊ वेळा तेच उडणं. समुद्र फाटला, पुन्हा मिटला, पुन्हा फाटला. बायका जांभया द्यायला लागल्या. आणि मग देवी आली. नटी वेगळीच होती, अंगावर कपडे बेताचे, पण अंबुबाई पुटपुटली, "देव रूप बदलत्यात." तिनं बॅटरी लावली आणि सिद्धम्माला वाट दाखवली. सिद्धम्मा चपला काढून पुढं निघाली. तिच्यामागं वीसेक बायका उठल्या, प्रत्येकीच्या हातात नारळ.

सिद्धम्मा कट्ट्याच्या पायऱ्यांवर पोहोचली तेव्हा पडद्यावर देवी राक्षसाच्या दरबारात नाचत होती, पायात साखळ्या. तेवढ्यात सिनेमातला विदूषक पुढं आला. एका गरीब बाईनं देवीपुढं ओटी ठेवलेली होती, तीच, पहिल्या भागातल्यासारखी, रानातली फुलं आणि नारळ. त्यानं तो नारळ उचलला, देवीच्या डोक्यावर आपटून फोडला, पाणी प्याला, आणि करवंटी तिच्या तोंडावर फेकून मारली. देवी वेडंवाकडं तोंड करून पडली. पलीकडं पुरुषांच्या बाकांवर हशा उसळला. शिट्ट्या, टाळ्या, कोणी पैसे उडवले.

सिद्धम्मा पायरीवर थिजली. तिच्यामागच्या बायका थिजल्या. कॅमेरा रोखून फोटोवाला तयार, आणि आबासाहेब दबक्या आवाजात म्हणत होते, "चला, चला, भरा ओटी, देवी समोर आहे तोवर!"

सिद्धम्मानं मागं वळून आईकडं पाहिलं. मी अंबुबाईचा चेहरा बघत होतो. पोर तापानं फणफणलेली, एवढ्या वर्षांचं ओझं मानेवर, आणि सुटका चार पावलांवर. नारळ ठेवला की झालं, सासूचं तोंड बंद. दुसरी कोणी असती तर डोळे मिटून ठेवला असता.

"साकु!" अंबुबाई ओरडली. टॉकीज दणाणलं. "पंचाक्षरी! बंद कर ती घान!"

वर मशीनची घरघर थांबली आणि पडदा काळा झाला. पंचाक्षरीनं पुढं सगळ्यांना सांगितलं की कार्बन संपला. मशीनचा दिवा कार्बनच्या कांडीवर जळायचा हे खरं, पण कांडी पंचाक्षरीनं त्याच दिवशी नवी घातली होती. खाली एकच गोंधळ उडाला. पाय आपटणं, शिव्या. सफारीवाला वरच्या खिडकीकडं बघून ओरडत होता, चालू करा, चालू करा. आबासाहेब दिवे लावा म्हणेनात, कारण दिवे लागले की खेळ मोडला असं लोक समजतील.

त्या अंधारात अंबुबाईची बॅटरी लागली. ती बाकांमधून पुढं चालत गेली. पुरुषांतून कोणी काहीतरी बोललं तशी ती थांबली. "ज्याला आई न्हाय त्यानं बोलावं," ती म्हणाली. मग ती पुढं निघाली. कट्ट्याजवळ जाऊन तिनं बॅटरी वर केली आणि उजेड पांढऱ्या पडद्यावर पडला, परातीएवढा गोल.

"भर," ती सिद्धम्माला म्हणाली.

सफारीवाला चवताळला. "अहो बाई, कोणाची ओटी भरताय? तिथं काही नाही! कापड आहे नुसतं!"

"तवा बी कापडच हुतं, सायेब. आमी काय आंदळ्या हाय? पन तवा तुमी तिचा मान ठिवला हुता. तुमाला न्हाय ठिवायचा तर र्‍हाऊ द्या. आमी ठिवताव."

सिद्धम्मानं पोरीला कट्ट्यावर बसवलं, उजेडाच्या खाली. खण ठेवला, तांदूळ ठेवले, हळकुंड, सुपारी, नारळ. पडद्याला हळदकुंकू लावलं. मग मागच्या बायका एकेक करून आल्या आणि आपापली ओटी ठेवून गेल्या. अंबुबाईनं दोन्ही हातांनी बॅटरी धरून उजेड तिथंच ठेवला होता. फोटोवाल्यानं फोटो काढला नाही. मी देवधर्म फारसा मानणारा माणूस नव्हे, पण मला त्या दिवशी रडू आलं आणि त्याची मला लाज वाटली नाही.

शेवटची बाई परतल्यावर अंबुबाईनं नातीला कडेवर घेतलं, बॅटरी विझवली आणि अंधारातच आबासाहेबांच्या हातात दिली. "ही तुमची, मालक," एवढंच म्हणाली. सगळ्या बायका तिच्यामागून बाहेर पडल्या. मी दार धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी लेडीजच्या दारावर दुसरी बाई आली. आबासाहेब मला म्हणाले, "आप्पा, माझा नाइलाज आहे, कंपनीचं दडपण आहे." मला त्यांची कीव आली नाही. लेडीजची खिडकी उघडून मी आठवडाभर माश्या मारत बसलो आणि गुरुवारी नऊच्या नऊ गरुड डब्यात बसून मुंबईला गेले. वाळलेला कुंकवाचा ठिपका मात्र पडद्यावर राहिला. पुढं कुठल्याही सिनेमात तो हिरोच्या गुडघ्याजवळ दिसायचा. आबासाहेबांनी पुसायला सांगितलं तेव्हा झाडणाऱ्या बाईनं नाही म्हटलं.

अंबुबाई पुन्हा विड्या वळायला बसली. सूप मांडीवर, पानं, तंबाखू, दोरा. मणिका त्या पावसाळ्यात चालायला लागली. टॉनिकनं की ओटीनं, ते मला विचारू नका. अंबुबाईला तर अजिबात विचारू नका. सासूचं तोंड बंद झालं एवढं खरं.

एकोणऐंशी साली चौथा भाग आला. गरुडाचा पणतू. मी तेव्हा ती नोकरी सोडून एका पेढीवर लागलो होतो. संध्याकाळी घरी परतताना टॉकीजवरून जात होतो, तर समोरून अंबुबाई येताना दिसली, विड्यांची टोपली डोक्यावर, आणि तिचं बोट धरून मणिका. पोरगी पहिलीत गेली होती, शिक्षणासाठी आजीकडंच राहायची आणि रस्त्यावर दिसेल ती पाटी वाचायची. भिंतीवर भलंमोठं पोस्टर होतं. बॅटरी धरून हात उंचावलेली बाई, तिच्यापुढं पांढरा पडदा, त्यावर उजेडाचा गोल, आणि खाली ओट्यांचा ढीग. त्या सफारीवाल्यानं काही वाया जाऊ दिलं नव्हतं. वर लिहिलं होतं, 'मणिकादेवी! प्रत्येक खेळाला ओटी भरण्याची सोय.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंबुबाई पोस्टरपुढं थांबली. तिनं ते पाहिलं, सगळं पाहिलं. 

मणिका मात्र बोट लावून अक्षरं जुळवत होती. म, णि, का. तिचा चेहरा फुलला. "आज्जी, माजं नाव! हितं माजं नाव लिवलंय! ही बाई कोन हाय गं?"

अंबुबाईनं टोपली सावरली आणि नातीचा हात घट्ट धरला.

"कुनास ठाव," ती म्हणाली. "आपल्या वळकीची न्हाय."